कुडापलीकडची जाव

मी जनी. माहेर माझं साखरशेतकडचं, दिलं दाभोश्याकडच्या पाड्यावर. शाळा काय ती बघितलीच नाय. लग्न होऊन आले तर घर दोन भावांचं, मधे एक कारवीच्या काड्या लिंपून केलेला कूड, इकडं आम्ही, तिकडं मोठा दीर आन माझी जाव सुंदरी. येशूच्या प्रार्थनेला मला पहिल्यांदा तीच घेऊन गेली, हे पण सांगितलं पायजे. माझं पहिलं लेकरू गेलं, मी जेवत नव्हते, तर हाताला धरून नेलं तिनं, माझ्यापाशी बसून रडली. म्हणून तर नंतर राग जास्त आला ना, परकं माणूस असतं तर एवढा नसता आला.

झालं काय, माझी पोर मंदा, तिची मोखाड्याकडं सोयरीक ठरली होती. आदल्या साली आम्ही दोन्ही घरं वीटभट्टीवर होतो, तिथं ती उन्हात चक्कर येऊन पडली, उपाशी होती, एकदाच पडली. आन मोखाड्याचे पाहुणे पाणी प्यायला सुंदरीच्या ओट्यावर थांबले तर हिनं सांगितलं, पोरीला फेफरं येतं. झालं. पाहुणे परत आलेच नाय. मंदा चार दिवस घराबाहेर पडली नाय. मी सुंदरीला विचारलं, का गं असं बोललीस, तर बोलते, मी बघितलं तेच बोलले, देवाला भिऊन राहते मी.

रविवारी प्रार्थनेत तीच सगळ्यात मोठ्यानं गाणार. मी जायचं सोडलं. पास्टर घरी आले, बोलले, जनीबाई, तिच्यावर प्रीती करा. मी बोलले, तुमची पोर हाय का लग्नाची? ते प्रार्थना करून निघून गेले. पण मला चैन पडेना, भात कांडताना तेच, पाणी आणताना तेच, पास्टरचं बोलणं एक आन मंदाचं तोंड एक.

त्या साली भाताचा भारा खळ्यावर नेताना सुंदरी बांधावरून पडली, पाय मोडला. जीपनं जव्हारला नेली, प्लास्टर घालून आणली. आठ दिवसांनी पाडा रिकामा झाला, सगळे भट्टीवर, माझा घरवाला पण गेला. मंदाला परत त्या उन्हात न्यायचं नाय म्हणून मी मागं राहिले. दीर भट्टीवर जाताना बोलला, जने, तूच बघ आता हिला. मागं उरली तीन-चार म्हातारी माणसं.

काय सांगू तुम्हाला, भाकर नेऊन ठेवायचे, पण तोंडाकडं बघायचे नाय. मंदा बोलायची, आये, तिला दे, पण मी केलेली नको देऊ.

एका दुपारी सुंदरी बोलली, डोकं धुऊन दे, उवांनी जीव घेतला. अंगणात दगडावर बसवली, पाय लांब करून, साबण चोळला. तर बोलते, पाणी कढत हाय, आन तुझ्या मंदाला ऊन लागू देऊ नको, पडेल परत. माझ्या अंगाचा भडका उडाला. तांब्या फेकला आन चालायला लागले, पार नागलीच्या रिकाम्या वावरापर्यंत. हात साबणाचे तसेच. बोलले, देवा, मी हिला माफ नाय करणार, तुला काय करायचं ते कर. आन मागनं हाक, जने, डोळ्यात गेलं गं, जने. तिला उठता येत नाय, तांब्या लांब पडलेला. किती वेळ उभी होते काय माहीत. मग गेले माघारी. पाणी ओतलं, पदरानं डोळे पुसले. राग तसाच होता, खोटं कशाला सांगू, पण हात हळू चालत होता.

मंदा दारातून बघत होती. सांजेला बोलली, आये, तू माझी का तिची? मी चुलीपुढं बसून भाकर थापत राहिले.

दोन वर्षांनी मंदाचं लग्न झालं, जावई चांगला हाय. माहेरी येते, पण काकीच्या दारात जात नाय, मी पण जा बोलत नाय. ते तिचं तिनं देवासंग बघावं. सुंदरीनं माफी कधी मागितली नाय. लंगडते, आन कुणाच्या घरातलं कुठं बोलेल नेम नाय. मी परत प्रार्थनेला जायला लागले, रविवारी चढावर तिचा हात धरते, वाटभर ती कुणाचं तरी वाईट सांगते. कधी वाटतं सोडावा हात. चढ संपेस्तोवर सोडत नाय. देव तुम्हाला गोड बोलणारी जाव देवो, बाई. मला ही दिली, तर हिलाच घेऊन चालते.