सरांनी धुवायला लावलेली टाकी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय पितांबर आबा, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती प्राचार्य शालिग्राम सर आणि जळगावच्या या उकाड्यात फेटे सांभाळून बसलेल्या सज्जनहो,

सरांविषयी चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. निमंत्रणपत्रिकेत त्यांना 'शेवाळ-इंधनाचे जनक' म्हटलंय. मजकूर कोणी लिहिला, हे मी विचारणार नाही. सरांची शैली आम्हाला पाठ आहे.

माझी संशोधक विद्यार्थिनी शिल्पा नशिराबादहून येते. सूक्ष्म शेवाळातलं तेल काढायला बहुतेक जण हेक्झेन हा द्रावक वापरतात, आणि ते येतं खनिज तेलातूनच. म्हणजे पेट्रोल वाचवायला पेट्रोलचाच भाऊ घरात घ्यायचा. शिल्पाने रावेरची टाकाऊ केळी आंबवली, त्या अल्कोहोलपासून वेगळा द्रावक बनवला आणि त्याने तेल काढून दाखवलं. हे मी सरांना किती वेळा समजावलं असेल? त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, वास तर नाही ना येणार?"

मग गेल्या वर्षी पाहुणे यायचे ठरले. पाहुणे म्हटले की आपल्याकडे काय होतं? झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो. सर शिल्पाच्या प्रकल्पावर आले आणि म्हणाले, "अहो, टाकीत शेवाळ धरलंय. लोक काय म्हणतील?" शेवाळाच्या प्रकल्पात, सज्जनहो. ब्लीचिंग पावडर टाकून टाकी घासली गेली. पाहुण्यांनी नितळ पाणी पाहून सरांचं कौतुक केलं, सरांनी ते घेतलंही. आमचे शिपाई बादलभाऊ शिल्पाला म्हणाले, "ताई, बठ्ठं गयं का?" सगळंच गेलं होतं. मला त्या दिवशी सरांची किळस आली. आजही येते.

घरी बरणीत राखलेल्या थोड्या शेवाळावर तिने पुन्हा सगळं उभं केलं. आता टाकीतलं हे शेवाळ हाती लागलं की तिचा प्रबंध पूर्ण होईल. आणि आजही पाहुणे येणार, म्हणून सकाळी सरांच्या सांगण्यावरून गेटपाशी ब्लीचिंग पावडरची गोणी उतरली.

सरांना पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. हौस भागेपर्यंत त्यांनी स्वतःचं घर घासावं. आयोजकांचे आणि आपण ऐकून घेतलंत म्हणून आपले आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कार्यक्रमातही एक त्रुटी राहणार आहे, तिचीही क्षमा असावी. सरांना पुष्पगुच्छ शिल्पा देणार होती, ती येणार नाही. पाहुणे जाईपर्यंत ती टाकीपाशी खुर्ची टाकून बसणार आहे.