उंची एक मीटर अठ्ठावन्न

—नाही हो, फ्राउ ओल्टमान्स, ती वायर उचलायची नाही, ओलांडून या, हं, अशी — चार्जरची आहे ती. हिरवा दिवा दिसतोय ना? हिरवा म्हणजे बॅटरी भरलेली, आणि तरी तो थेंब थेंब पाजत राहतो, नोव्हेंबर ते मार्च. नंबरप्लेट हंगामी, तिच्यावरच छापलंय, रस्त्यावर फक्त एप्रिल ते ऑक्टोबर. एरवी ही गाडी रस्त्यावर नुसती उभी केली तरी दंड. म्हणून चालवून दाखवता येत नाही, ते फोनवर बोललोच होतो. बाकी सगळं बघा. टाकी काठोकाठ, म्हणजे आत गंज धरत नाही. टायरमध्ये हवा जास्त, म्हणजे एका जागी उभं राहून चपटे होत नाहीत. छत चढवलेलं, दुमडून ठेवलं की कापडाला घड्या पडतात. पांघरूण सुती — आपल्या समुद्रकाठच्या ओस्टफ्रीजलंडची ओल तुम्हाला काय सांगायची. हे सगळं थेदाचं. माझी बायको. मला काय कळतंय, मी तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली. लायसन्सला दोनदा नापास, तिसऱ्यांदा परीक्षकच म्हणाला, पोस्टमनसाहेब, तुमची सायकल छान आहे. चालवायची ती, मी शेजारी. गेल्याच्या आधीच्या नोव्हेंबरात गेली ती — बसा ना, उभ्या का? गाडीत नाही, त्या स्टुलावर. आधी चहा. तीन कप झाल्याशिवाय कोणी उठत नाही इथून.

जाहिरातीचं विचारताय? विचारणारच. ‘लाल, दोन आसनी, उघडणाऱ्या छताची, उत्तम स्थितीत, घेणाऱ्याची उंची एक मीटर अठ्ठावन्न.’ थेदाचा भाऊ आयलर्ट पेपर घेऊन दारात हजर — ‘हिंडर्क, लेका, गाडी विकतोयस का नवरी बघतोयस?’ हसा, हसा, अख्खं गाव हसलं. पण कारण साधं आहे. ही सीट मोटरवर सरकते आणि आपली जागा लक्षात ठेवते — किती पुढे, किती वर, पाठ किती कललेली, आरसा कुठे वळलेला. एक नंबरचं बटण थेदाचं, एक मीटर अठ्ठावन्नचं; तेवढ्याच उंचीच्या माणसाला काही हलवावं लागणार नाही. आणि लक्षात कशाच्या जोरावर राहतं? बॅटरीच्या. बॅटरी काढली की विसरली. आयलर्ट म्हणतो, ‘सगळं जग हिवाळ्यात बॅटरी काढून तळघरात ठेवतं, तूच तिला सलाइन लावून बसलायस.’ बसलोय. जानेवारीच्या वादळात वीज गेली तेव्हा मी शेजारच्या फोल्कर्टच्या गोठ्यातला जनरेटर उचलून आणला. त्याच्या चाळीस गाई, दूध काढायची वेळ, यंत्र बंद, हंबरून आकाश डोक्यावर घेतलं. फोल्कर्ट धावत आला — ‘हिंडर्क, भरलेली बॅटरी दोन महिने तग धरते. गाई दोन तास नाही धरत!’ बरोबर होतं त्याचं. मला माहीत होतं ते. घेऊन गेला जनरेटर, आणि मी दोन दिवस इथेच बसून राहिलो, दिव्याकडे बघत. दिवा बंदच होता म्हणा, वीज नव्हती ना.

नऊ जण येऊन गेले. आपल्याकडची माणसं, एकेक खांबासारखी. एक दंतवैद्य, एक मीटर चौऱ्याण्णव, म्हणाले, ‘मी अंग चोरून बसेन.’ बसलेसुद्धा, गुडघे हनुवटीला लावून. म्हटलं, डॉक्टर, गाडी चालवायचीय, अंडं उबवायचं नाही. दुसऱ्या एकाचा हात थेट बटणाकडे गेला — मी मनगटच धरलं. ते नेमके वकील निघाले. जाऊ दे. विकायला तर हवीच. एप्रिलमध्ये हे घर सोडायचंय, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गॅरेज नाही. जिन्यावरून तर नेता येत नाही. मोजून बघितलं मी.

चमचा कपात ठेवलात — म्हणजे पुरे. बरं. मग बसा. कशालाही हात न लावता. मी माझ्या बाजूने येतो.

पाय पोचतात? — पोचतात. गुडघा अडत नाही? आरशात मागे गॅरेजचा दरवाजा दिसतो, पूर्ण? अहो, मोकळेपणानं सांगा, काहीतरी हलवावंसं वाटत असेल. अर्धं बोट. पाठ तरी? — ‘अगदी बरोबर.’ अगदी बरोबर म्हणताय. खरी उंची किती तुमची? मोजलेली? — हं. मला वाटलं होतं, आपल्या भागात एवढं ठेंगणं — माफ करा — एवढं दुसरं कोणी नसेलच. नसेलच म्हणून तर छापलं ना मी.

थांबा, हात राहू द्या स्टिअरिंगवर. इकडे बघू नका, पुढेच बघा. तीही पुढेच बघायची, मी बोलत असलो तरी. ‘हिंडर्क, तू बोल, मी ऐकतेय.’

...

नाही. उतरा. तुमचं काही चुकलं नाही, तुमच्यात काही कमी नाही, तेच तर — उतरा, फ्राउ ओल्टमान्स. पर्स घ्या. फ्लॅटचं माझं मी बघतो. दार हळू लावा.

आतून नव्हे हो. बाहेरून.