डिशेस लालबागला

ज्या मजल्याचा कचरा सर्वांत कमी, त्याला महाबळेश्वरची सहल, असं एका वीज कंपनीच्या वरळी ऑफिसने जाहीर केलं होतं. म्हणजे तिथे नोकरीला असलेल्या हितेंद्रचा फायदा दोन रात्री, नाश्ता धरून. बसस्टॉपवर तो बायकोसोबत माझ्या पुढेच उभा होता, हातात फुगलेली पिशवी.

“अहो, आज परत?”

“शेवटचा दिवस, शेवंती. उद्या निकाल. आमचा मजला शून्यावर आहे!”

“आणि माझ्या किचनमध्ये तुमच्या प्रिंटरच्या रिकाम्या डब्या!”

“आज हलकंय गं. साहेबांचा वाढदिवस होता, कागदी डिशेस फक्त.”

“आणि केक?”

“तो तिथेच संपला.”

“वा! केक ऑफिसात, डिशेस लालबागला. चाळीत विचारतात, मिस्टरांनी भंगाराचा धंदा काढला का?”

“एक रात्र ठेव, मग स्ट्रॉबेरीच स्ट्रॉबेरी.”

“ही पिशवी घरात आली, तर महाबळेश्वरला तिलाच घेऊन जा.”

“मग टाकू कुठे? ऑफिसातलं कोणी बघेल ना!”

“थांबा. ओ काका, जरा धरता? सुट्टे काढते.”

मी धरली. बस आली, दोघं चढली, बस सुटली.

कंपनीचा कचरा शून्य, शेवंतीचं किचन साफ, महाबळेश्वर पक्कं. केकचा तुकडाही न खाता डिशेस माझ्या नावे. दादरला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गेटवरच अडवलं, “ओला की सुका?”