तबकडीतला पाहुणा, दुसऱ्यांदा

"विमला, स्वल्प मागं सरक गं. या बाईंची वेणी माझ्या नाकात शिरतेय."

वेणी माझी होती. मॅजेस्टिकच्या थिएटरातली बायकांची रांग, मागं सासूसून. मी मान वळवली नाही.

"आत्याबाई, मागच्या रविवारी पाहिलाच की हा सिनेमा."

"पाहिला कुठं? ती उडती तबकडी मैदानात उतरली नि मी डोळेच मिटले. आज उघडे ठेवणार! तो लोखंडी राक्षस चालायला लागला की माझा हात घट्ट धर."

"इंग्लिश तरी कुठं कळतं तुम्हाला?"

"प्राणेश सांगतो की सगळं. असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं. तो बघ, पुरुषांच्या रांगेतून हात करतोय."

"तुम्हाला करताहेत."

"मला? साठीच्या बाईला?"

"हळू बोला ना."

"तो आभाळातला पाहुणाही भाड्याच्याच खोलीत राहतो, नाही? घरातल्या विधवेला, तिच्या पोराला किती लळा लावतो! आणि शेवटी बसतो तबकडीत, जातो निघून."

"काम संपलं, गेला."

"प्राणेशची बदली कधी गं?"

"पुढल्या महिन्यात. कानपूरला."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी 'सरी' म्हणाले, बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

"एवढंच?"

"तिकिटाची खिडकी उघडली आत्याबाई, चला."

"उघडू दे. काय म्हणणार म्हणजे?"

"घर तुमचं. मुलगा तुमचा होता."

"होता. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. तू प्राणेशशी लग्न कर."