खंदकात माती

रत्ना : अहो, पोरगी फोनवर ओरडतेय आणि तुम्ही खुशाल चहात बिस्किट बुडवताय?

शशिकांत : ओरडत नाहीये गं. सरप्राइज मिळालं की माणूस असंच बोलतो. हं, अनया, बोल बाळा. पोचला का ट्रक?

अनया : बाबा! म्हणजे हा खरंच तुम्ही पाठवलाय?

शशिकांत : हा पहिला. मागून आणखी येतायत. वेदला आजोबांकडून गिफ्ट!

अनया : गिफ्ट? माझ्या गेटवर मातीनं भरलेला ट्रक उभाय. ड्रायव्हर म्हणतो, घराभोवतीचा खंदक बुजवायचाय, अमेरिकेतून ऑर्डर आलीय.

रत्ना : एडिसनला बसून तुम्ही इंग्लंडमधला खंदक बुजवताय?

शशिकांत : मग काय! घर घेतलं तेही चारी बाजूंनी पाणी असलेलं. जन्मभर न्यू जर्सीचे रस्ते बांधले मी. एवढासा खड्डा भरणं म्हणजे हातचा मळ.

अनया : बाबा, तो खड्डा नाहीये! सातशे वर्षांपूर्वी इथं कुणा जमीनदाराची गढी होती, तिच्याभोवती खणलेला खंदक आहे.

शशिकांत : गढी कुठाय? फोटोत तर नुसतं तुमचं कौलारू घर दिसतं आणि चार बदकं.

अनया : गढी पडून गेली, खंदक राहिला. सगळी साइट प्रोटेक्टेड आहे. इथं साधं झाड लावायचं तरी आधी विचारावं लागतं. माती टाकली तर क्रिमिनल केस होते, बाबा. कुणावर माहितीये? आमच्यावर. माझ्यावर आणि अनीशवर!

रत्ना : घ्या! गावातला डॉक्टर आपला जावई, आणि त्याला तुम्ही कोर्टात उभा करणार. अति तिथं माती म्हणतात ते ऐकून होते. ट्रकनं येते हे आज कळलं.

शशिकांत : तू जरा थांब गं. अनया, टेक्निकली बघायला गेलं तर जागा तुमचीच आहे ना?

अनया : जागा आमची, खंदक सगळ्यांचा... अहो, हॅलो! नो, नो! बाबा, तो रिव्हर्स घेतोय! काठापाशी गेला! मी थांब म्हणतेय तर म्हणतो, ऑर्डर ज्यानं दिली त्यानंच कॅन्सल करायची.

शशिकांत : असं कसं? दे, त्याला फोन दे. पळ!

(अनया धावत जाऊन ड्रायव्हरच्या हातात फोन देते.)

शशिकांत : हॅलो? यस, स्पीकिंग. स्टॉप! प्लीज स्टॉप! ... नो, द लेडी इज राइट. ... यस, माय डॉटर. ... यस, आय अ‍ॅम अ‍ॅन इंजिनिअर. ... द साइट? नो. नेव्हर सीन इट. ... आय नो. सॉरी. व्हेरी सॉरी. ... थँक यू.

रत्ना : थांबला?

शशिकांत : थांबला. बाकीच्यांनाही परत फिरवतो म्हणाला.

रत्ना : उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्या पाण्यात पडायला लागल्या की सॉरी म्हणायचं.

अनया : गेला एकदाचा. बाबा, निदान मला विचारायचं तरी!

शशिकांत : तू नाही म्हणाली असतीस.

अनया : अर्थात म्हणाले असते! प्लीज, हे असं परत करू नका.

शशिकांत : अनया, परवा व्हिडिओ कॉलवर वेद दारातून पाण्याकडे पळत सुटला. तू त्याच्यामागे धावलीस. फोन हातातून पडला तुझ्या.

अनया : हो, पण मी पकडलं ना त्याला लगेच.

शशिकांत : ते तुला माहीत. मला नुसतं आभाळ दिसत होतं. आवाज नाही, काही नाही. मी इथं हॅलो हॅलो करतोय आणि स्क्रीनवर आपलं ते पांढरं आभाळ.

रत्ना : हे मला नाही सांगितलंत तुम्ही.

शशिकांत : काय सांगायचं? त्यापेक्षा ट्रक शोधत बसलो.

अनया : ओ बाबा... ऐका. आम्हालाही भीती वाटते. म्हणून घराच्या बाजूनं कुंपण घालायची परवानगी मागितली होती. परवाच मिळाली. सोमवारी माणसं येतायत. तोवर दाराला वरची कडी असते. तुम्ही इथं असतात तर स्वतः मापं घेतली असतीत.

शशिकांत : घेतलीच असती.

अनया : आई आली बाळंतपणाला. तुम्ही अजून एकदाही आला नाहीत.

शशिकांत : सांता क्लाराची एवढी चांगली नोकरी सोडून तू चिखलात राहायला गेलीस. राग होता मला.

अनया : अजून आहे?

शशिकांत : आता कुठल्या तोंडानं धरू? आज तू माझ्यावर रागव. फिट्टंफाट.

रत्ना : तिनं रागवून काय होणार? तिकीट मी काढते. दोघांचं.

शशिकांत : काढ. अनया, वेदला पाण्याची भीती वाटते का गं?

अनया : अजिबात नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे!

शशिकांत : मग मी त्याला पोहायला शिकवतो.

अनया : बाबा, अजून दोन वर्षांचाही नाही तो! आणि खंदकात नाही हं!

शशिकांत : अगं, तेवढं कळतं मला. पूल असेल ना कुठं जवळपास?

अनया : आहे, कोमट पाण्याचा. मी ड्राइव्ह करून नेईन तुम्हाला रोज.

शशिकांत : नुसतं सोडून जायचं नाही. तू काठावर बसायचंस. पोरं पाण्यात उतरली की आधी आईकडे बघतात.

रत्ना : तुम्ही हिला पोहायला शिकवायचात तेव्हा ही नव्हती हो बघत. मी समोर काठावर बसलेली असायचे, आणि ही सगळा वेळ तुमच्याकडे बघायची.