शंभर टक्के चावीवाले

गुप्त राहील म्हणाल्या हो! अगदी तोंडभरून म्हणाल्या, "दादा, तुमचं उत्तर गुप्त राहील"... आणि तुम्हाला सांगतो, बसमध्ये "जरा सरका" म्हणायला लाजून पुढच्या स्टॉपला उतरणारा मी, त्या विद्यापीठातल्या संशोधक बाईंना खरं सांगून बसलो! काय तर म्हणे, मतदार कसा वागतो याचा अभ्यास. मत कुणाला दिलं, यंत्राचं बटण दाबताना मनात काय आलं, बोट थरथरलं का... बोटाचासुद्धा अभ्यास! आता माझं चाव्या बनवायचं दुकान आमच्या वॉर्डातल्या पुढारी काकांच्या जागेत, आणि निवडणुकीत पडलं कोण? काकाच! कळलं तर दुकान गेलंच की. पण काय करू, मागच्या वेळी ते निवडून आले तेव्हापासून दुकानासमोरचं गटार उघडं, दोन गिऱ्हाइकं आत गेली, तिसरा मी, गुडघा फोडून! बटण दाबताना गुडघाच आठवला हो. हळूच म्हणालो, "काकांच्या विरोधात." "गुप्त राहील," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

राहिलं की गुप्त! नाव छापलंच नाही. फक्त पेपरात कोष्टक आलं... शिक्षक इतके टक्के, शिंपी इतके टक्के, आणि तळाला, 'चाव्या बनवणारे: शंभर टक्के विरोधात'! अहो, अख्ख्या वॉर्डात चाव्या बनवतं कोण? मी! एकटा! शाळा मी सातवीत सोडली, पण बाईंना फोन करून विचारलं, एका माणसाचे शंभर टक्के कसे? "दादा, शास्त्रीय पद्धत आहे ती."

तोच पेपर घेऊन काका दुकानात. मी मान खाली घालून चावी घासतोय, घासतोय... चावीची सुई झाली! काका स्टुलावर बसले. "बघितलंस? शंभर चावीवाले फितूर! आणि लेका, तू एकटा माझ्या बाजूने उभा राहिलास!" डोळ्यांत पाणी हो त्यांच्या! मी म्हटलं, "काका, ते शंभर म्हणजे..." "काही बोलू नकोस! तुझ्या धंद्यातले आहेत, तुझं ऐकतील. वळव सगळ्यांना. आणि हे आपल्यात गुप्त राहील!"

रोज विचारतात, "किती वळले?" शेवटी जीव मुठीत धरून म्हणालो, "काका, ते म्हणतात, आधी गटार झाका." तर दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः उन्हात उभे, गटारावर फरशी! पाच वर्षं मी एकटा सांगत होतो, तेव्हा "बघू" म्हणायचे...

आता काय! पुढच्या वेळी आम्हा शंभर जणांना काकांनाच मत द्यावं लागणार.