व्हिनेगरने घासलेली कुऱ्हाड

१२ मे १८६७, रविवार. सकाळी पाऊस, दुपारी उघडीप. तीन वाजता नगरभवनात फ्यूसियानदादाच्या कुऱ्हाडींच्या काचेच्या कपाटाचं उद्घाटन झालं. मी बोललो ते असं:

सन्माननीय अध्यक्ष महापौरसाहेब, व्यासपीठावरील विद्वान मंडळी, खडीच्या खाणीतले सोबती आणि माझ्या विद्यार्थ्यांचे आईवडील,

मी शाळामास्तर, मला फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय. आज ज्याचा गौरव आहे तो माझा थोरला भाऊ फेब्रुवारीत गेला, म्हणून मी उभा आहे.

सहा वर्षांपूर्वी त्याला खाणीत, मॅमथ हत्तीच्या दाताशेजारी, दगडी कुऱ्हाड सापडली. मोठ्यांपुढे मळकी वस्तू नेऊ नये, ही आमच्या आईची शिकवण. त्याने ती व्हिनेगरने तांब्याच्या पातेल्यासारखी घासली. विद्वान म्हणाले, "हिच्यावर मातीचा कणही नाही. काल घडवलीस वाटतं?"

तेव्हा विद्वानांना विकायला नकली कुऱ्हाडी कोण घडवत होतं, हे या सभागृहाला मी सांगायला हवं का? बतिस्त, तुम्ही खाली बघू नका, जुनी गोष्ट आहे.

पुढे तीन वर्षं गुत्त्यात एकच प्रश्न. "काय फ्यूसियानदादा, आज आदिमानव भेटला का?" दादा ग्लास संपवून घरी यायचा.

मग खाणीत, तशाच दाताशेजारी, त्याला दुसरी कुऱ्हाड दिसली. तो तिच्याशेजारी बसला. मुकादम म्हणाला, "ऊठ, गाडी भर."

"ते विद्वान साहेब येईपर्यंत ही हलायची नाही. मीही नाही."

दोन दिवस पाऊस होता. कोट त्याने कुऱ्हाडीवर घातला होता. विद्वानांनी ती स्वतःच्या हातांनी काढली. ते लुप्त झालेले हत्ती होते तेव्हा माणूसही होता, याचा पुरावा आमच्या खाणीतून निघाला. त्यांच्यातले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पहिली कुठे आहे?"

"ती धुतलीय, साहेब."

त्यांनी टोपी काढली.

आज दोन्ही काचेमागे आहेत. पहिलीखाली पाटी आहे: 'सापडल्याचं ठिकाण: फ्यूसियान द्युक्रोक, खाणकामगार, यांच्या शब्दावरून.' आमच्या घराण्यात कुणाचा शब्द काचेत ठेवला गेला नव्हता. मला अभिमान वाटतो. त्याला वाटला असता का? बहुधा त्याने काच पुसली असती.

आपण सगळे आलात, आभारी आहे. सांगताना काही राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर मास्तरला सांभाळून घ्या.

सहाला घरी आलो. दादाचे बूट दाराशीच आहेत, खाणीची पिवळी माती लागलेले. ते तसेच ठेवले आणि माझे धुतले.